छातीइतका कठडा

भिलाईत भाड्याचं घर बघायला निघालं की मालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून पुरता उलगडा झाला नाही तर गाव विचारतो, आणि गावावरूनही नाही झाला तर हसत हसत विचारतो, "घर में भगवान कौन से हैं?" आम्ही बौद्ध. बाबा कारखान्यातून रिटायर झाले आणि वर्षभरातच गेले, क्वार्टर रिकामं करायची वेळ आली, आणि त्या उन्हाळ्यात मी ही परीक्षा सात दारांत दिली. सातही वेळा नापास झालो. आठव्या दारात जे गृहस्थ उभे होते त्यांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "गच्चीवर कोण कोण जाणार?"

"मी अन् माय," मी म्हणालो.

"आईचं वय काय? चक्कर येते का? नजर कशी आहे?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. त्यांनी मला वर नेलं. दोन खोल्या, आणि खोलीचं दार उघडलं की गच्ची. गच्चीला छातीइतका उंच विटांचा कठडा, गिलावा न करता नुसता चुना मारलेला. "ढकल," ते म्हणाले. मी नुसता बघत राहिलो. "अरे, ढकल की. दोन्ही हातांनी, जोर लावून." मी ढकलला. कठडा तसूभरही हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मी त्यांना काका म्हणत असे, इथेही तेच म्हणतो. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण त्यांच्याबद्दल लिहू लागलो की शेवटी माझ्याबद्दल लिहावं लागतं.

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागच्या बाजूचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या वारी, तो बंद असे, एवढं ते अभिमानाने सांगत. कारखान्यात बांधकामाकडे फोरमन म्हणून आले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेली, आणि हे भिलाईतच राहिले. आमच्या गल्लीत त्यांचं काय ते कोणालाच नीट कळलं नव्हतं. काही जण त्यांना ख्रिश्चन समजत, काही जण मुसलमान, आणि सेक्टरमधली मराठी मंडळी नाक बघून कोकणस्थ समजत. पोरंसोरं त्यांना 'रेलिंग अंकल' म्हणत. कारण ज्याच्या ज्याच्या छपराला कठडा नाही त्याच्या दारात जाऊन हा माणूस उभा राहायचा. "बाउंड्री बनवाओ. कोई गिरेगा तो खून तुम्हारे घर पर लगेगा." लोक घाबरायचे, मग हसायचे. दोघातिघांनी कटकट नको म्हणून खरंच बांधून घेतले.

हे सगळं त्यांच्या पोथीत होतं. जाड पुठ्ठ्याची, एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मला आधी वाटायचं, देवाच्या पोथीत समुद्र दुभंगतात, आकाशातून आग पडते. काकांना त्यातलं फारसं सांगायचं नसे. त्यांना प्रिय होतं ते किरकोळ. नवं घर बांधशील तर छपराला कठडा घाल. खड्डा खणशील तर झाकून ठेव, नाहीतर दुसऱ्याचा बैल त्यात पडेल. आणि एक स्तोत्र, त्यात देव तुझा पाय घसरू देणार नाही, तुझं जाणं-येणं राखील, आणि राखणारा तो पेंगत नाही की झोपत नाही, असा अर्थ.

"मंग तुम्ही रोज जिना कावून घासता?" मी एकदा विचारलं. पावसाळ्यात शेवाळ धरतं म्हणून ते रोज सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून पायऱ्या घासत. "तो पाय घसरू देत नाही ना?"

"नाहीच देत," काका म्हणाले. "म्हणून तर मला पाठवलंय घासायला."

आमचे असे वाद रोजचे. आम्ही देव मानत नाही, हे मी त्यांना पहिल्या आठवड्यातच ऐकवलं होतं. ते म्हणाले, "नको मानू. कठडा मान." त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची पितळी नळी तिरपी ठोकलेली होती, तिला ते मेझुझा म्हणत. आत पोथीतल्या ओळी लिहिलेली गुंडाळी. जाता-येता तिला उजव्या हाताची बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, कितीही घाई असो. एकदा दुर्गला जायची गाडी चुकत होती, तरी अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बोटं लावून गेले. आमच्या वरच्या दारालाही एक ठोकलेली होती. मी म्हटलं, आमच्या दारावर तुमचा देव कशाला? तर म्हणाले, "देव कुठे आहे त्यात? आठवण आहे. घराबाहेर पाऊल टाकताना दुसऱ्याची आठवण ठेवायची." आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाहेर चौकटीवर मेझुझा, अशा बंदोबस्तात आम्ही राहू लागलो. माय येता-जाता त्या नळीवरची धूळ पदराने पुसायची.

एकदा कोणीतरी केबल टाकायला गल्लीच्या तोंडाशी कमरेइतका खड्डा खणला आणि तसाच सोडून गेले. काकांनी घरातून खुर्ची आणि छत्री आणली आणि खड्ड्याच्या कडेला जाऊन बसले. सकाळी नऊपासून. "खड्डा है, उधर से." प्रत्येक सायकलवाल्याला, प्रत्येक म्हशीलासुद्धा. दुपारी किराणावाल्याने चहा पाठवला, मायने भाकर-भाजी पाठवली. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही, तेव्हा ते घरी आले आणि स्वतःची खाट उचलून नेऊन खड्ड्यावर उलटी घातली. दोन दिवस जमिनीवर झोपले. मी ऑफिसात ही गोष्ट नकला करून सांगायचो. दुर्गला रेल्वेच्या ऑफिसात मी कारकून होतो, आणि जेवणाच्या सुट्टीत काकांची नक्कल हा माझा हातखंडा प्रयोग होता.

पण गल्लीला सगळ्यात जास्त करमणूक व्हायची ती दसऱ्याच्या आगेमागे. त्यांचा मोठा उपास त्या सुमारास यायचा, पाण्याचा थेंबही न घेता पाळायचा. त्याच्या आदल्या दिवशी काका पांढरे कपडे घालून घरोघर माफी मागत फिरायचे. दूधवाल्याची माफी मागितली, कारण तो पाणी घालतो असं मनात आलं होतं. किराणावाल्याची मागितली, तर तो बिचारा घाबरला. "अंकल, तबियत तो ठीक है ना?" त्याला वाटलं, म्हातारा निरोप घेतोय.

पहिल्या वर्षी वर आमच्याकडेही आले. मला म्हणाले, "तू आंघोळीला होतास आणि मी पंप बंद केला. मुद्दाम केला. तू फार पाणी ओततोस. मला माफ कर."

मी हसून म्हटलं, "जा काका, माफ केलं."

"हसू नकोस. माझं आणि देवाचं जे असेल ते तो उद्या बघेल. पण तुझं काही माझ्याकडे राहिलं, तर तो मधे पडत नाही. तुझ्याकडेच यावं लागतं." मग म्हणाले, "आता तुझं माझ्याशी काही चुकलं असेल तर तू सांग. पद्धत आहे."

"तुमच्या देवाची थट्टा करतो मी."

"ते त्याचं त्याला सांग. माझं काही?"

तेव्हा खरंच काही नव्हतं. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं.

आता कपाटाचं सांगतो. मायचं लोखंडी कपाट होतं, बाबांनी घेतलेलं. आलो त्या दिवशी काकांनी टेप लावून जिन्याचं वळण मोजलं आणि दोन इंच कमी पडतात म्हणून सांगितलं. "खाली माझ्या खोलीत ठेवा. ताईंना हवं तेव्हा येऊन उघडतील." मायला ते पटलं नाही, पण बोलणार कोण? रात्रंदिवस मात्र तिच्या डोक्यात तेच. "परक्या मानसासमोर मी माये लुगडे काढू का? तुया बाबाचा एक शर्ट हाय त्याच्यात. वास घ्यावा वाटते कधी, तर कोनाच्या घरी जाऊन घेऊ?"

होळीच्या सुमारास काका खालची किल्ली मायकडे ठेवून भाचीच्या लग्नाला आठ दिवस ठाण्याला गेले. मी ऑफिसातल्या दोन मित्रांना बोलावलं. मागच्या गल्लीतून दोर बांधून कपाट वर ओढायचं ठरलं. ओढलंही, पण कठडा छातीइतका. कपाट लोंबकळत राहिलं, कठड्यावरून येईना. मित्र म्हणाला, "भाई, दो-तीन हाथ दीवार उतार दे, बाद में चढ़ा देना." मी छिन्नी-हातोडा घेतला. त्या सांध्यांतलं सिमेंट फुटता फुटेना. तीन हात रुंदीचा कठडा कमरेखालपर्यंत उतरवायला आम्हाला दोन तास लागले आणि माझे तळहात सोलून निघाले. हे मी मुद्दाम सांगतोय.

कपाट आत आलं. मायने ते ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, शर्ट काढला, परत ठेवला. मी मिस्त्री शोधायला निघालो, तर सगळे होळीला आपापल्या गावी गेलेले. मग विटा नुसत्या मातीत रचल्या आणि वरून चुना फासला. लांबून काही कळत नव्हतं. मिस्त्री आला की पक्कं करू असा विचार होता. आणि काका दोन दिवस आधीच परत आले.

"हे वर कसं आलं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"जिन्यातून."

"शक्य नाही."

"तिरपं केलं, काका. पाय काढले खालचे."

ते खाली गेले, टेप घेऊन आले, वळण पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. मग स्वतःशीच हसले. "म्हातारा झालो बघ. टेपसुद्धा वाचता येईनाशी झाली." पुढे कितीतरी दिवस ते हा विनोद स्वतःवर करत होते. गल्लीत सांगायचे, मेरा टेप झूठा निकला, लड़का सच्चा निकला.

एकदा एवढं झाल्यावर मिस्त्री आणायचा कसा? त्याला काय सांगायचं, आणि काकांना काय सांगायचं? आज सांगतो, उद्या सांगतो असं करत महिना गेला. माय रोज म्हणायची, "सांग ना रे त्याईले. मानूस चांगला हाय."

"अन् घर खाली करा म्हनले तर? पुन्हा सात दरवाजे करू का? तुले घेऊन फिरू का?"

मी तिला एवढंच सांगितलं की त्या कोपऱ्याकडे जाऊ नकोस. म्हणजे मला ठाऊक होतं. कोणी विचारलं तर मी आजही म्हणेन की वाटलं नव्हतं असं होईल, पण ठाऊक नसतं तर आईला तिकडे जाऊ नको कशाला म्हटलं असतं?

चैत्रातली सकाळ होती, रविवार. मायने गच्चीच्या मध्यावर जुन्या लुगड्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. काका टाकीचा वॉल्व्ह बघायला वर आले होते. मी आत पेपर वाचत पडलो होतो. एकदम वावटळ उठली, लुगडं मिरच्यांसकट उडालं आणि त्याच कोपऱ्यात कठड्यावर जाऊन अडकलं. माय त्याच्यामागे धावली. विटा पडल्याचा आवाज आणि तिची किंकाळी मला एकदमच ऐकू आली.

मी बाहेर आलो तेव्हा काका खाली बसले होते आणि त्यांनी मायला दोन्ही हातांनी मागून धरलं होतं. तिचं कमरेवरचं अंग कठड्याबाहेर लोंबत होतं. मी तिला ओढून घेतलं. काकांचा उजवा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता. तिच्या आणि उरलेल्या कठड्याच्या मधे तो सापडला होता. त्यांना त्याचं भानच नव्हतं. ते ओरडत होते, "खाली कोणी आहे का बघ! खाली गल्लीत कोणी आहे का बघ आधी!"

मी खाली धावलो. कोणी नव्हतं. विटा पडल्या होत्या आणि त्यांना माती चिकटलेली होती.

किराणावाल्याने ऑटो आणला, काकांना घालून दवाखान्यात नेलं. माय त्यांच्यासोबत अनवाणी गेली. मी म्हणालो, मी आलोच मागून. आणि मी पोतं घेऊन एकेका विटेची माती घासून काढली. विटा रचून ठेवल्या. वर जाऊन कठड्याची उघडी कड बादलीने धुतली. सगळी माती मोरीत वाहून जाईपर्यंत पाणी ओतलं. मग दवाखान्यात गेलो.

काकांचा हात प्लास्टरमध्ये होता. "कुठे होतास?" त्यांनी विचारलं.

"विटा उचलत होतो. रस्त्यात कोनाले लागू नये म्हनून."

काकांनी नर्सला हाक मारली. "देखा सिस्टर? पहले रास्ता साफ किया, फिर आया. ऐसे लड़के कहाँ मिलते हैं आजकल?" मायने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं, काहीतरी लागलं होतं रस्त्यात. मी ते पुसायला खाली बसलो, तेवढीच नजर चुकवायला जागा मिळाली.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच शुक्रवारी काकांनी मलिदा केला. काही संकट टळलं की त्यांच्यात करतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, ताटात चार प्रकारची फळं आणि मधे गुलाबाचं फूल. त्यांचा एक नबी आहे एलियाहू, त्याच्या नावाने. हिब्रूत म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, एकटेच म्हणाले. गल्लीतले सगळे आले होते. काकांनी सांगितलं, ताईंना राखणाऱ्याने राखलं, मी नेमका तिथे होतो ते उगाच नाही. आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "लेकिन गलती मेरी थी. दीवार मैंने बनाई थी. बालू ज़्यादा पड़ गया होगा." माझ्या हातात पोह्यांचं ताट होतं. मी खाल्लं ते. गोड होतं.

कठडा आम्ही दोघांनी पुन्हा बांधला. मनगट नीट बसलं नव्हतं, म्हणून थापी त्यांनी डाव्या हातात घेतली आणि माल मी कालवला. "एकास चार," ते शिकवत होते. "एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. त्या वेळी मी एकास सहा केलं असणार. घाई केली असणार, आठवत नाही." ज्या सिमेंटने माझे हात सोलले होते त्याच्याबद्दल हा माणूस बोलत होता. एक शब्द बोललो असतो तर तो सुटला असता. मी म्हणालो, "होतं काका, कधी कधी."

त्यानंतर त्यांनी लोकांना कठड्याबद्दल सांगणं सोडलं. ज्याच्या घराला कठडा नाही त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचे. गल्लीतल्या पोरांनीही रेलिंग अंकल म्हणणं सोडलं. पुढे दोन वर्षांनी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. घर विकलं. तिकडेच ते वारले, असा किराणावाल्याकडे निरोप आला. आता माझं दुर्गला स्वतःचं घर आहे, आणि गच्चीला कठडा आहे, छातीइतका, एकास चारचा. दर दसऱ्याला मी तो दोन्ही हातांनी ढकलून बघतो. बायको म्हणते, तुमचं काहीतरीच.

पण त्या वर्षीचा दसरा राहिला सांगायचा. उपासाच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, काका पांढरे कपडे घालून वर आले. आधी सवयीने उजवा हात चौकटीकडे उचलला. मनगट वळेना, बोटं नळीला टेकेनात. मग डाव्या हाताची बोटं मेझुझाला लावली आणि ओठांना लावली. माय आत कपाटापाशी होती. मी दारात उभा राहिलो.

"गल्ली झाली सगळी," काका म्हणाले. "तुझ्याकडे शेवटी आलो. तुझ्याकडे यायला पाय उचलत नव्हता."

"बसा ना, काका."

"नको. उभ्यानेच मागायचं असतं. तुझी आई माझ्या कठड्यावरून गेली असती. मी घर देताना तुला तो ढकलायला लावला, तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि माझ्या कामात खोट निघाली. देवाने तिला राखलं, पण त्याने माझं चुकलेलं बरोबर होत नाही. ताईंची मागितली मी दवाखान्यातच. त्या नुसत्या रडत होत्या, काही बोलल्या नाहीत. तू त्यांचा मुलगा. तू माफ केलंस तर उद्याच्या उपासाला काही अर्थ आहे." त्यांनी हात जोडले. उजवा पंजा सरळ होत नव्हता, डाव्याने तो धरून जोडले.

आत कपाटाचं दार वाजेना, बांगडी वाजेना. माय ऐकत होती.

मी म्हणालो, "माफ केलं, काका."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला. मग ते वाट बघत उभे राहिले, आणि मी काही बोलत नाही असं बघून त्यांनीच विचारलं, "आणि तुझं? माझं काही तुझ्याकडे?"

"नाही," मी म्हणालो. "माझं काही नाही."

"नशीबवान आहेस रे," काका म्हणाले, आणि डाव्या हाताने भिंत धरत जिना उतरून गेले.